तपासणीचे दप्तर, तक्रारीचे दप्तर

परभणी जिल्ह्यातील एखादा शेतकरी आपल्या घरच्या आजारी माणसाला घेऊन दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हा तो दवाखाना कोणाच्या अखत्यारीत मोडतो याची चौकशी करण्याचे त्याला कारण नसते. परंतु त्या दवाखान्यात काही विपरीत घडले, उपचारात हयगय झाली, अवाजवी पैसे उकळले गेले, किंवा डॉक्टर जागेवर नसल्यामुळे अडलेली बाळंतीण रात्रभर ताटकळत राहिली, आणि या गोष्टीची दाद मागावी असे त्याने मनाशी ठरवले, म्हणजे मात्र अखत्यारीचा हाच प्रश्न सर्वांत आधी त्याच्यापुढे येऊन उभा राहतो. गावचे उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या, पर्यायाने जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या ताब्यात. तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाच्या, ज्याला जुनी माणसे अजूनही ‘सिव्हिल सर्जन’ म्हणतात, त्याच्या देखरेखीखाली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय परभणीत सुरू झाल्यापासून त्याच्याशी निगडित रुग्णसेवेत वैद्यकीय शिक्षण खात्याचाही अंमल. खासगी रुग्णालयाची नोंदणी परभणी शहरात महानगरपालिकेकडे आणि शहराबाहेर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे. औषधांवर नजर अन्न व औषध प्रशासनाची. रक्ताने भिजलेले बोळे व वापरलेल्या सुया यांची विल्हेवाट नीट लागते की नाही हे पाहण्याची जबाबदारी प्रदूषण नियंत्रण मंडळाची. डॉक्टरच्या वर्तनाचा न्याय करण्याचा अधिकार मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेला. आणि नुकसानभरपाईचा वाद जिल्हा ग्राहक आयोगापुढे. यांतील प्रत्येक कचेरीला तपासणीचे काही ना काही काम आहे, आणि प्रत्येक कचेरीच्या आवक नोंदवहीत तक्रारअर्जही येऊन पडतात. परंतु तपासणीचे दप्तर आणि तक्रारीचे दप्तर एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याची रीत आपल्याकडे रुजलेली नाही, आणि माझ्या मते आरोग्यसेवेवरील सरकारी देखरेखीचा मूळ दोष याच ठिकाणी आहे.

या प्रदेशाला दप्तर नवे नाही. निजामाच्या अमदानीत दिवाण सालारजंग यांनी १८६५ साली जिल्हाबंदी अमलात आणली, तेव्हापासून जिल्ह्याचा मुख्य अंमलदार ‘अव्वल तालुकदार’ म्हणून ओळखला जाई, आणि रयतेचा अर्ज त्याच्या कचेरीत दाखल झाला की त्याची मिसल तयार होत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन ग्रामीण आरोग्यसेवेचा कारभार त्यांच्याकडे गेला. आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर परभणीकडे परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पालम, पूर्णा, पाथरी, मानवत, सेलू व जिंतूर हे नऊ तालुके राहिले, ज्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १८ लाख ३६ हजार होती. राजवटी बदलल्या, कचेरीची भाषा व लिपी बदलली, तरी रयतेच्या अर्जाने ज्या वाटेने जायचे ती वाट मात्र फारशी बदलली नाही.

प्रथम तपासणी कशी होते ते पाहू. प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘साहेबांची व्हिजिट’ आहे असा निरोप बहुधा आदल्या दिवशी येतो, आणि मग आवार झाडले जाते, फलकांवरील आकडे अद्ययावत केले जातात, नोंदवह्या कपाटातून निघून टेबलावर ओळीने मांडल्या जातात. साहेब येतात, बाह्यरुग्ण विभाग, प्रसूतिकक्ष, औषध भांडार असा फेरफटका मारतात, आणि भेटपुस्तिकेत शेरा लिहून पुढच्या गावी रवाना होतात. यात केवळ उपचारच असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ज्याची नजर तयार आहे अशा तपासनिसाला कागद पुष्कळ काही सांगतो. लसी ज्या शीतपेटीत ठेवतात, आणि जिला सगळे कर्मचारी ‘आयएलआर’ म्हणतात, तिचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले पाहिजे व दिवसातून दोनदा, सकाळी आणि सायंकाळी, ते वहीत नोंदवले गेले पाहिजे असा दंडक आहे. आता मराठवाड्यातील उन्हाळा, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेलेला पारा आणि विजेचा लपंडाव ध्यानात घेतला, तर एखाद्या केंद्राच्या वहीत मे महिन्याच्या एकतीसही दिवशी, दोन्ही वेळा, एकाच शाईने व एकाच हाताने ‘४’ हा आकडा लिहिलेला दिसणे ही आनंदाची गोष्ट नसून चिंतेची गोष्ट आहे, हे जाणत्या तपासनिसाला कोणी सांगावे लागत नाही. प्रसूतिकक्षातील पार्टोग्राफचेही तसेच. कळा सुरू असलेल्या स्त्रीच्या गर्भाचे ठोके अर्ध्या अर्ध्या तासाने मोजून त्या आलेखावर टिंब उमटवायचे, म्हणजे प्रसूती अडते आहे हे वेळीच कळून तिला वरच्या रुग्णालयात हलवता येते, असा त्याचा हेतू. पण एकटी परिचारिका रात्रपाळीला दोन बाळंतपणांमध्ये धावत असते तेव्हा तो आलेख मूल जन्मल्यावर, आठवणीने, भरला जातो, आणि त्याची रेघ कशी नितळ, कुठेही न थरथरता चढत गेलेली दिसते. असा कागद खोटा आहे असे ठणकावून सांगता येत नाही, पण तो लिहिला गेला त्या वेळी कोणाच्या उपयोगी पडला नाही एवढे निश्चित. भेटपुस्तिकेतील शेऱ्यात या रेघेविषयी एक वाक्य आले तर ती तपासणी सार्थकी लागली असे मी मानतो. केवळ ‘अभिलेख अद्ययावत आहेत’ असा शेरा असेल तर तपासनिसाने वह्यांची संख्या तेवढी मोजली.

तक्रारीचा प्रवास याहून दीर्घ व याहून कष्टप्रद आहे. गावकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरणाऱ्या लोकशाही दिनात तो हातोहात दिला, बारनिशीत त्याला क्रमांक पडला, पोच मिळाली. मग तो अर्ज ‘उचित कार्यवाहीस्तव’ जिल्हा परिषदेकडे जातो. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. त्यांच्याकडून ‘स्वयंस्पष्ट अहवाल सादर करावा’ अशा शेऱ्यासह तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे. आणि तिथून अखेर तो ज्या केंद्राविरुद्ध तक्रार आहे त्याच केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या टेबलावर येऊन पोहोचतो. ज्याच्याविरुद्ध कैफियत मांडली तोच तिचा खुलासा लिहितो, तो खुलासा ज्या वाटेने अर्ज उतरला त्याच वाटेने पायरी पायरीने वर चढतो, प्रत्येक पायरीवर त्याच्या माथ्यावर एक स्वाक्षरी वाढते, आणि अखेरीस ‘सदर तक्रारीत तथ्य आढळून येत नाही, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे’ असे पत्र अर्जदाराच्या हाती पडते. मधल्या काळात अर्जदाराचा जबाब नोंदवला जातोच असे नाही; आणि नोंदवला गेला तरी तो ज्या केंद्रात नोंदवला जातो त्याच केंद्रात त्याच्या सुनेला पुढच्या महिन्यात लस टोचून घ्यायची असते, त्याच्या आईला रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या असतात, ही गोष्ट जबाब देताना त्याच्या ध्यानातून जात नाही. गावात दुसरा दवाखाना नसलेल्या माणसाची तक्रार मागे घेण्याची तयारी ही त्याच्या समाधानाची खूण मानणे म्हणजे त्याच्या लाचारीवर शिक्कामोर्तब करणे होय.

खासगी रुग्णालयांच्या बाबतीत या दोन दप्तरांतील अंतर कायद्यानेच कसे पडले आहे, हे पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे या क्षेत्रावर सत्ता चालते ती १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाची, जो संमत झाला तेव्हा परभणी मुंबई प्रांताचा भागही नव्हती. केंद्राने २०१० साली वैद्यकीय आस्थापनांसाठी नवा अधिनियम केला. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. मूळ १९४९ च्या अधिनियमाच्या नवव्या कलमान्वये स्थानिक पर्यवेक्षक प्राधिकाऱ्याच्या अधिकाऱ्याला रुग्णालयाच्या जागेत प्रवेश करण्याचा व अधिनियमानुसार ठेवावयाच्या नोंदी पाहण्याचा अधिकार आहे. परंतु त्याच कलमाला जोडलेल्या परंतुकाने रुग्णाचे वैद्यकीय अभिलेख तपासण्याची मुभा त्याला दिलेली नाही. रुग्णाच्या खासगीपणाविषयीचा आदर या तरतुदीच्या मुळाशी आहे, आणि तो रास्तच आहे. तिचा परिणाम मात्र असा होतो की तपासनीस खाटा मोजू शकतो, परिचारिकांची पात्रता पाहू शकतो, शस्त्रक्रियागृहाची स्वच्छता न्याहाळू शकतो; परंतु त्या खाटेवर निजलेल्या माणसाचे काय झाले, त्याच्यावर जी शस्त्रक्रिया झाली तिची गरज होती काय, हे त्याला त्या तपासणीत कळण्याचा मार्ग नाही. हे सांगू शकणारा एकच कागद उरतो, तो म्हणजे रुग्णाने किंवा त्याच्या नातलगाने स्वतः होऊन दिलेली तक्रार. म्हणून तक्रारीला तपासणीपासून तोडणे म्हणजे तपासणीला आंधळी करणे आहे.

जानेवारी २०२१ मध्ये राज्य शासनाने या अधिनियमाखालील नियमांत महत्त्वाच्या सुधारणा केल्या. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, ठरावीक सेवांचे दरपत्रक रुग्णाला दिसेल असे ठेवावे, बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवू नये, पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाची तपासणी करताना स्त्री हजर असावी, आणि स्थानिक प्राधिकाऱ्याने तक्रार निवारण कक्ष उघडून निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध करावा, अशा या तरतुदी आहेत. महासाथीच्या काळात बिलांचे जे अनुभव लोकांना आले त्यांनंतर या सुधारणांचे मोल सांगण्याची गरज नाही. रुग्णालयाच्या स्वागतकक्षात शिरताच हा फलक शोधावा, तो पैसे भरण्याच्या खिडकीमागे, कॅलेंडर व देवादिकांच्या तसबिरींच्या गर्दीत लपलेला नाही ना हे पाहावे, आणि त्यावरील दूरध्वनी क्रमांक प्रत्यक्ष लावून पाहावा, अशी माझी प्रत्येक वाचकाला विनंती आहे; कारण न वाचलेली सनद आणि न लावलेला क्रमांक यांच्या बळावर कोणताही हक्क टिकत नाही.

याच आरोग्यक्षेत्रात एक कायदा असा आहे की ज्याने नोंद, तपासणी व तक्रार या तिन्ही गोष्टी एकत्र गुंफल्या, आणि तो म्हणजे गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा १९९४ चा अधिनियम. या बाबतीत महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९८८ सालीच, स्वतःचा कायदा केला होता हे अभिमानाने सांगितले पाहिजे. सोनोग्राफीच्या प्रत्येक केंद्राला गर्भवतीच्या तपासणीचा ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. कागद साधाच: स्त्रीचे नाव व वय, पत्ता, हयात मुले किती व त्यांतील मुलगे-मुली किती, शेवटच्या पाळीची तारीख, कोणी पाठवले, कोणत्या कारणासाठी पाठवले, निष्कर्ष काय, आणि शेवटी दोन घोषणा, एक स्त्रीची की मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, आणि एक डॉक्टरची की मी ते पाहिलेही नाही व सांगितलेही नाही. या फॉर्मचा मासिक अहवाल पुढील महिन्याच्या पाच तारखेपर्यंत प्राधिकाऱ्याकडे पोहोचला पाहिजे. ‘दोन मुली, पाठवणारा डॉक्टर नमूद नाही, कारणाची जागा कोरी’ असे दहा-वीस फॉर्म एका केंद्रातून लागोपाठ आले, तर ज्याला वाचायचे आहे त्याच्यासाठी तो कागद बोलू लागतो. पुष्कळ डॉक्टरांचे म्हणणे असे होते की रकाना कोरा राहिला ही कारकुनी चूक आहे, तिला गुन्ह्याचे स्वरूप देऊ नये. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९ रोजी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाची याचिका फेटाळताना असे स्पष्ट केले की या नोंदी ठेवणे हेच कायद्याच्या अंमलबजावणीचे मर्म आहे आणि त्या न ठेवणे हा गुन्ह्याकडे नेणारा मार्ग आहे.

त्याच कायद्याखाली २०१४ साली प्राधिकाऱ्यांसाठी जी आचारसंहिता नियमांत घातली गेली ती मला सर्वाधिक मोलाची वाटते. प्रत्येक नोंदणीकृत केंद्राची दर नव्वद दिवसांनी तपासणी व्हावी, तपासणीचा अहवाल पुरावा म्हणून जतन करावा व त्याची प्रत केंद्राच्या मालकाला द्यावी, हे अहवाल सल्लागार समितीपुढे दर तीन महिन्यांनी मांडावेत. त्याचप्रमाणे प्रत्येक तक्रारीची रोजनिशी ठेवावी, चोवीस तासांत तिची दखल घ्यावी आणि अठ्ठेचाळीस तासांत चौकशी पुरी करावी. शिवाय प्राधिकारी स्वस्थ बसला तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक थेट न्यायालयाचे दार ठोठावू शकतो. कोल्हापूरला जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी, जे मराठी वाचकांना कथाकार म्हणून परिचित आहेत, या फॉर्मची नोंद संगणकावर आणली व सोनोग्राफी यंत्रांना निरीक्षक उपकरण जोडले. त्याला आव्हान दिले गेले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली ती व्यवस्था वैध ठरवली.

परंतु कायदा कितीही काटेकोर असला तरी तो चालवणारा माणूस कोण, हा प्रश्न शिल्लक राहतोच. सोनपेठ आणि गंगाखेड या तालुक्यांच्या शिवेपलीकडे बीड जिल्ह्यातील परळी आहे. तिथल्या एका रुग्णालयात मे २०१२ मध्ये उशिरा केलेल्या गर्भपातात एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि डॉक्टर सुदाम मुंडे यांचे प्रकरण देशभर गाजले. २०१९ साली न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, तर बीड जिल्ह्यात केवळ ८०७. ही तूट एका रुग्णालयाने निर्माण केली नव्हती आणि एका रात्रीत झाली नव्हती. ती वर्षानुवर्षे कागदावर साचत होती. त्या मृत्यूपूर्वीही त्या रुग्णालयाविषयी कार्यकर्त्यांनी आवाज उठवला होता, आणि तरीही सरकारी यंत्रणा पूर्ण ताकदीने हलायला एका स्त्रीचा जीव जावा लागला.

बीडनेच आपल्याला दुसरा धडा दिला, आणि तो परभणीने आपलाच धडा म्हणून शिकावा अशी माझी कळकळ आहे. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण विलक्षण आहे अशी वृत्ते २०१९ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून आली. जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ अशा शस्त्रक्रिया झाल्याचे सरकारने विधिमंडळात सांगितले. आणि विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची जी पाहणी झाली तीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यामागचे अर्थकारण उसाच्या फडात ज्याने एक हंगाम काढला आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही: मुकादमाकडून नवराबायकोच्या कोयत्यामागे उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा पडला तर दंड, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, अंगावरून जाऊ लागले तरी सुट्टी नाही, अशा स्त्रीला कोणी ‘पिशवी काढून टाक, कॅन्सर होईल’ असे सांगितले की ती कर्ज काढून ती काढून टाकते, आणि तिशीच्या आतबाहेर तिची हाडे कुरकुरू लागतात. आता विचार करण्याजोगी गोष्ट ही की यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया कुठल्या तरी रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया नोंदवहीत तारीखवार लिहिली जाणे अपेक्षित होते, आणि त्या रुग्णालयांची नोंदणी व तपासणी करणारा प्राधिकारीही अस्तित्वात होता. त्या नव्याण्णव रुग्णालयांच्या वह्यांची बेरीज मात्र वेळेत झाली नाही, कारण कोणत्याही तपासनिसाच्या नमुन्यात ‘या रुग्णालयात पस्तीस वर्षांखालील किती स्त्रियांचे गर्भाशय काढले गेले’ असा रकाना नव्हता. आणि तक्रार येण्याची तर शक्यताच नव्हती, कारण आपल्यावर अन्याय झाला हेच त्या स्त्रियांना उमगले नव्हते. पुढे बीडमध्ये या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या तालुक्यांतूनही दिवाळी सरताच टोळ्या बाहेर पडतात, ट्रकच्या व ट्रॅक्टरच्या हौद्यात संसार घालून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. त्यांच्या बायका त्याच मुकादमीच्या, त्याच खाड्याच्या जाचात राबतात. म्हणून बीडची बेरीज झाली तशी परभणीचीही झाली पाहिजे, आणि ती वर्तमानपत्रांनी ओरड करण्यापूर्वी झाली पाहिजे.

वेगवेगळ्या कागदांत विखुरलेले सत्य एकत्र आणण्यास उशीर झाला तर काय होते, हे मुंबईने १९८६ च्या आरंभी जे. जे. रुग्णालयात पाहिले. वेगवेगळ्या विभागांत दाखल असलेल्या रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये विषारी द्रव्याची भेसळ होती आणि चौदा जणांचे प्राण गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयातील खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत सर्वांच्या कारभारावर जे कठोर ताशेरे ओढले, ते आजही प्रत्येक तपासनिसाने मुळातून वाचावेत. याच प्रकारचा अनुभव संपन्न देशांनाही चुकला नाही. इंग्लंडमध्ये स्टॅफर्ड येथील सरकारी रुग्णालयाला २००८ साली कारभाराच्या स्वायत्ततेचा बहुमान मिळाला तो कागदोपत्री ते सर्व निकषांत बसत होते म्हणून. त्याच काळात तिथले रुग्ण तहानेने व्याकूळ होऊन पडत होते आणि नातेवाइकांच्या तक्रारी संचालक मंडळापुढे नीट पोहोचतच नव्हत्या. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशी अहवालाने २०१३ मध्ये २९० शिफारशी केल्या, आणि त्यांत तक्रारीकडे पाहण्याच्या वृत्तीविषयी जे लिहिले आहे ते परभणीलाही जसेच्या तसे लागू पडते.

अपघातांच्या बाबतीतही आपण अनर्थ झाल्यावरच जागे होतो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटून अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. मधल्या दहा महिन्यांतील ‘त्रुटी आढळल्या, पूर्तता करावी’ आणि ‘पूर्तता झाली’ या दोन वाक्यांमधील अवकाश किती जीवघेणा असतो हे यावरून कळावे. परभणीत एप्रिल २०२१ च्या अखेरीस, महासाथ भरात असताना, जिल्हा रुग्णालयातील प्राणवायूच्या वाहिनीवर झाड कोसळले. कर्मचाऱ्यांनी रातोरात धावपळ करून रुग्ण वाचवले आणि अनर्थ टळला. त्या कर्मचाऱ्यांचे ऋण मोठे आहे. पण टळलेल्या अनर्थाचीही रीतसर नोंद झाली पाहिजे, वाहिनी कुठून नेली आहे, तिच्यावर काय पडू शकते, याची तपासणी पुढच्या नमुन्यात आली पाहिजे. कारण मृत्यू झाला तर चौकशी समिती बसते, मृत्यू टळला तर कागदही उरत नाही.

यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्याचा हेतू मुळीच नाही. रिक्त पदांच्या ओझ्याखाली दोन माणसांचे काम एकटा करणारा वैद्यकीय अधिकारी, चोवीस तास जागी असणारी परिचारिका, आणि पावसाळ्यात चिखल तुडवत वस्तीवर जाणारी आशा, यांच्या खांद्यावर हा जिल्हा उभा आहे. वेळच्या वेळी, खरी आणि सविस्तर लिहिलेली नोंद ही प्रथम त्यांचीच ढाल आहे. डॉक्टरवर फौजदारी निष्काळजीपणाचा आरोप ठेवण्यापूर्वी तज्ज्ञाचे मत घ्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले, तेव्हा तो तज्ज्ञ मत देणार ते केसपेपर वाचूनच. आणि तो केसपेपर रुग्णाचाही आहे: मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली रघुनाथ रहेजा प्रकरणात रुग्णाचा अभिलेखावरील हक्क मान्य केला, आणि २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार आंतररुग्णाचे अभिलेख तीन वर्षे जपून ठेवणे व मागणी केल्यापासून बहात्तर तासांत त्यांची प्रत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. पालम किंवा जिंतूरच्या किती घरांत ही बहात्तर तासांची गोष्ट ठाऊक आहे? घरी जाताना हाती मिळते ते डिस्चार्ज कार्ड. बाकीची फाईल मागता येते हे कोणी सांगत नाही, आणि मागितली तर ‘कशाला हवी, केस करायची आहे का?’ असा प्रश्न येतो.

या सगळ्यावर नवा अधिनियम हवा असे मला वाटत नाही. नव्वद दिवसांची तपासणी आणि अठ्ठेचाळीस तासांची चौकशी सोनोग्राफी केंद्रांसाठी कायद्याने सक्तीची असेल, तर तीच शिस्त जिल्ह्यातील प्रत्येक आरोग्यसंस्थेला, निदान तत्त्वाने, लावणे प्रशासनाच्या हातात आहे. कोणत्याही केंद्राला भेट देण्यास निघालेल्या पथकाने मागील भेटीनंतर त्या केंद्राविषयी आलेल्या तक्रारींची यादी बरोबर न्यावी, आणि कोणत्या तक्रारीचा कोणत्या नोंदीशी पडताळा घेतला हे भेटपुस्तिकेत लिहावे. तक्रारीचा अहवाल ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडून न मागवता शेजारच्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडून मागवावा. सेलूची चौकशी मानवतने केली, मानवतची पाथरीने केली, तर प्रवासभत्त्यापलीकडे खर्च नाही. अर्जदाराचा जबाब त्या केंद्रात न घेता तहसील कचेरीत घ्यावा, तोही न घेता प्रकरण दप्तरी दाखल करू नये. रुग्णाची ओळख पूर्ण गुप्त ठेवून केंद्राच्या दारावर तीन गोष्टी लिहाव्यात: शेवटची तपासणी कधी झाली, तीत काय उणे निघाले, आणि वर्षभरात आलेल्या तक्रारींपैकी किती निकाली निघाल्या. शस्त्रक्रियांची, सिझेरियनची आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची रुग्णालयवार व वयोगटवार बेरीज जिल्हा शल्यचिकित्सकांनी दर तिमाहीस करावी, आणि ऊसतोडीचा हंगाम संपून टोळ्या परतल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत, ती विशेष काळजीने पाहावी.

परभणीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी व जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी एका संयुक्त परिपत्रकावर सह्या केल्या, तर येत्या जानेवारीच्या पहिल्या सोमवारी भरणाऱ्या लोकशाही दिनात जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक व महानगरपालिकेचे आरोग्य अधिकारी असे तिघे एकाच टेबलाशी, आपापल्या तपासणीच्या व तक्रारीच्या वह्या घेऊन, बसू शकतात. त्यासाठी मंत्रालयाच्या मंजुरीची गरज नाही, आणि पहिल्या बैठकीसाठी पूर्णा व गंगाखेड या दोन तालुक्यांच्या वह्या पुरेशा आहेत.